भाऱ्याला हात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण थट्टा करू नका. हे ज्याच्या घरात घडलं तो सहदेव माझा सख्खा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याच्या सात पिढ्यांत नाही.

गेल्या वर्षीचा श्रावण. शनिवार. पोलादपूरच्या वर, कुडपणहून दरीत उतरणारी पायवाट. वेळ भर दुपारची. भुतं काय घड्याळ बघून येतात होय?

सहदेव बारा वर्षं मुंबईत हॉटेलात राबला आणि कंटाळून गावी परतला. शनिवार-रविवारी तो शहरातल्या ट्रेकवाल्यांना डोंगर फिरवायचा आणि त्याची बायको शकू त्यांचा स्वयंपाक करायची. धुक्यात कुणी चुकू नये म्हणून त्याने वाटेवर ठिकठिकाणी दगडांच्या लगोऱ्या रचल्या. कल्पना चांगली होती, पण दगड गोळा करायचा आळस. मधल्या वळणावर एक मोठा ढीग आयता होता, त्यातलेच त्याने उचलले.

त्या ढिगावर येणारा-जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. पूर्वीपासून.

त्याची चुलती तुळजाबाई ओरडलीच. "मेल्या, त्ये दगड कशाला काढलंस? तिथं बाई पडून मेली हाय. तिच्यावर वजन ठेवायचं असतं, उठू नये म्हनून."

सहदेव हसला. "काकी, उठली तर तिला पन ट्रेकला नेतो."

बोलून गेला बिचारा.

त्या शनिवारी तो पुण्याच्या आठ जणांना घेऊन पुढे गेला. शकू मागून जेवणाची पाटी डोक्यावर घेऊन यायची होती. खाली ओढ्याजवळ सगळे थांबले. धुकं असं दाटलं की हाताची बोटं दिसेनात.

एक वाजला. दोन वाजले...

शकू आली नाही.

मंडळी भुकेने कुरकुरायला लागली. सहदेवला त्यांचं काही नव्हतं. शकू जन्मात कधी वाट चुकली नव्हती, आणि त्या वळणाखाली सरळ तुटलेला कडा होता. "इथून कुणी हलायचं नाय," असं बजावून तो एकटाच वर धावला.

पहिल्या लगोरीच्या जागी... काहीच नव्हतं.

दुसरीही नव्हती.

तिसरीही.

ढासळल्या असत्या तर दगड आजूबाजूला दिसले असते. दगडच नव्हते.

"शकू! ए शकू!"

पाखरं गप्प. मघापर्यंत घुमणारा ओढाही ऐकू येईना.

मग धुक्यातून धापा ऐकू आल्या. जड ओझं घेऊन कुणी चढण चढावी तशा.

हुं... हुं... हुं...

आवाज अगदी त्याच्या बाजूने गेला आणि... थांबला.

वळणावर जेवणाची पाटी होती. खाली नीट ठेवलेली, वर फडकं झाकलेलं. भाकऱ्या अजून गरम होत्या. शकू नव्हती.

सहदेव चार पावलं पुढे गेला. शकू कड्याच्या टोकाला, दरीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही हात वर. कुणाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेताना असतात तसे.

समोर कुणीच नव्हतं. समोर नुसती दरी.

त्याने तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती भानावर आली आणि इकडेतिकडे बघू लागली. "अवो, ती म्हातारी कुठं गेली? भारा उतरायला जरा हात लाव गो, म्हनाली. नाय कसं म्हननार?"

खरंच, कसं म्हणणार? आमच्या डोंगरात भाऱ्याला हात लाव म्हटलं, तर वैऱ्यालाही कुणी नाही म्हणत नाही. शकूने पाटी खाली ठेवली आणि हात लावला. चूक म्हणाल तर एवढीच.

दुसऱ्याच दिवशी सहदेवने त्या जागी शंभरेक दगड नेऊन टाकले. उपयोग झाला नाही. शकूची मान वाकेना. एक हात डोक्याशी धरून ती चालू लागली... रिकाम्या डोक्याशी. महाडच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मणके ठणठणीत. उशीला डोकं टेकवता येईना, म्हणून ती भिंतीला टेकून रात्र काढायची. डोळ्यांदेखत सुकत चालली.

"मी हात लावतो," सहदेव म्हणायचा.

"खबरदार! लांब ऱ्हावा. जो हात लावंल त्याच्यावर जातंय ह्ये."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. शकूवहिनी लगबगीने चहा घेऊन आली, वाकून कप ठेवला. मान मोकळी! मला केवढा आनंद झाला.

"वहिनी, बऱ्या झालात की!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसल्या बसल्या डोळा लागला हुता माझा. मला इचारलं बी नाय वो त्यांनी."

सहदेव दारात उभा होता. मान ताठ. एक हात डोक्याशी...

त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. निघताना गाडीपर्यंत सोडायला आला आणि एवढंच म्हणाला, "लय जड हाय रे."

अशा वेळी आपण काय म्हणायचं असतं, मला ठाऊक आहे. सांगायला लाज वाटते, पण मी मोटारसायकलला किक मारली, आणि घाट उतरेपर्यंत आरशात पाहिलं नाही.