अर्ध्या मीटरचं छत

दहा हजार वर्षांचा बर्फ चौबळसरांनी एका आकड्यात उरकला होता.

"सरासरी काढली, रेडकरबाई. चंद्रवस्ती सुरक्षित आहे."

हिमगाभा प्रयोगशाळेच्या शीतखोलीत डॉ. हेमांगी रेडकर खोल बर्फातून काढलेल्या गाभ्याचे थर कापत होती. वैश्विक किरण हवेतल्या अणूंवर आदळतात, अणू फुटतात. त्या चुऱ्यात बेरिलियम-दहा जन्मतं आणि हिमाबरोबर अलगद उतरून थराथरांत निजतं. बेरिलियम जास्त, म्हणजे त्या काळी किरण जास्त. तिच्या गाभ्यात काही दशकं दुप्पट भरलेली होती. तसलंच दशक आता पुन्हा सुरू झालं होतं.

"माणसं सरासरीत राहत नाहीत, सर. माझी कस्तुरी याच दशकात चंद्रावर राहतेय."

"म्हणून तर आपल्या वस्ती-समितीनं मधला मार्ग काढला! तुम्ही मागितली वस्तीवर तीन मीटर माती. अभियंते म्हणाले, वस्तीचं नुसतं धातूचं कवच पुरे. अर्ध्या मीटरवर मिटलं. सही तुमचीही आहे."

होती. ती सही आठवली आणि हातातला थर कापता कापता हेमांगी थबकली.

"सर, हे बेरिलियम हवेत बनतं कुठं?"

"वरच्या थरांत. शाळेतला प्रश्न विचारताय."

"म्हणजे वरची हवा किरण अडवत नाही, नुसती फोडते. एका कणाचे शंभर होतात. ते शंभर जिरायला खालची जाड हवा लागते. अर्ध्या मीटर मातीत कण फुटतील खरे, पण जिरायच्या आत खोलीत उतरतील. आपण छत नाही घातलं, सर. किरणांचं पीठ पाडणारं जातं बसवलं."

 चौबळसरांनी घसा साफ केला. "मुद्दा चांगला आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घेऊ."

त्या गुळगुळीत आवाजाची तिला शिसारी आली. तिथंच, त्यांच्यासमोर, तिनं चंद्रवस्तीला संपर्क लावला.

"आई! वेळ साधलीस बघ," छताचं काम पाहणारी कस्तुरी धापा टाकत हसली. "आत्ताच छतावर मातीची शेवटची पाटी ओतली. सगळे पेढे मागतायत."

"कस्तुरी, माती काढ. सगळी."

शब्द चंद्रापर्यंत जाऊन यायला लागतात तेवढे अडीच सेकंद गेले. 

"काढू? अगं, थोडी तर थोडी. काहीच नसण्यापेक्षा बरी ना?"

नेमकं हेच मनाशी म्हणत हेमांगीनं सही केली होती. चौबळांची आलेली किळस आता तिला स्वतःचीच आली.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "काहीच नसणं बरं."