अकरा जणांना आवतन

देवणीत जनावरांच्या बाजाराच्या कडेला रेवणप्पा शेकोटी करून बसले होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस; त्यांची भीती मुक्कामाच्या गाड्यांवरच झिजून गेली होती. समोर बजरंग आणि महांतेश. दोघं लातूरला जपानी भाषा शिकत होते, दोन महिन्यांत निघणार होते.

"जावा की," रेवणप्पा म्हणाले, "काम चांगलंच हाय. पन माझ्या भाच्याचं, हनुमंताचं, तिकडं काय झालं ते ऐकून जावा. खोटं वाटलं तर त्याला फोन लावा. दिवसा लावा. रातीला तो उचलत न्हाई."

हनुमंत तिकडच्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांच्या कामावर गेलेला. सकाळी सायकलवर जायचं, दारात बूट काढून आतल्या सपाता घालायच्या, म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, घास भरवायचा. गावात बापाचं अंथरूण बदलायला लाजणारी पोरं तिकडं परक्यांचं सगळं करतात, आणि इकडं आया पेढे वाटतात. हनुमंत तसा नव्हता, तो मनापासून करायचा. कुकरच्या शिट्टीला शेजारी दचकायचे, म्हणून बिचारा वरणसुद्धा पातेल्यात शिजवायचा. सुट्टीला आगगाडीनं कुठं समुद्र, कुठं किल्ला, कुठं देऊळ बघून यायचा आणि आईला, केवळाबाईला, फोनवर दाखवायचा.

त्याच्या बहिणीला, शिवांगीला, नऊ वर्षांनी लेक झाली. बारसं ठरलं. आपल्याकडं घरच्या कार्याचं पहिलं आवतन देवाला, त्याच्यापुढं अक्षता ठेवून. केवळाबाई फोनवर म्हणाली, "हनमंता, हितले समदे देव झाले. तू ज्याच्या शिवंत राहतूस त्याला बी आवतन दे. नऊ वर्सांनी पाळना हललाय, कुनी रुसाय नगं."

"आई, त्या देवाला व्हिसा कोन दील?"

"देवाला लागत न्हाई. तुलाच लागतो. गप सांगते ते कर."

पुढच्या सुट्टीला हनुमंत डोंगरातल्या एका देवळाला गेला. मागच्या पायवाटेला गुडघ्याएवढ्या दगडी मूर्ती ओळीनं उभ्या. गळ्यात लाल कापड. लाल कापड दिसलं की आपले हात जुळतातच. कुणाचा देव, कशाचा देव, हे विचारायची आपल्याला सवय नाही. त्यानं मूर्ती मोजल्या. अकरा. प्रत्येकीपुढं कुंकवाचे तांदूळ ठेवले आणि मोठ्यानं म्हणाला, "भाचीच्या बारशाला सगळ्यांनी यायचं." वर घरचा पत्ताही सांगितला. हसत हसत.

सात डिसेंबर, रविवार. बारसं झालं. नाव ठेवलं आरती. पण दिवेलागणीला लेकीचं अंग तापलं. डॉक्टरनं औषध दिलं, तरी शिवांगी रडकुंडीला आलेली. हनुमंत रात्रपाळीला होता. म्हणाला, "फोन पाळण्यापाशी चालू ठेवा. तुम्ही झोपा, मी जागाच हाय."

देवणीत रात्रीचे अकरा चाळीस. तिकडं पहाटेचे तीन दहा.

पडद्यावर नुसता अंधार. कानात पाळण्याची कडी कुरकुरत होती. आई झोका देतीय, त्याला वाटलं.

मग आईचं घोरणं ऐकू आलं.

कडी कुरकुरतच राहिली.

मग पावलं... बारकी. अनवाणी. एकाची नव्हेत. पाळण्याभोवती.

"आई..."

घोरणं.

"आई!"

पावलं थांबली. सगळी. एकदम. आणि फोनच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला.

"मग?" महांतेशनं विचारलं. रेवणप्पांनी काटकी मोडून शेकोटीत टाकली.

हनुमंताच्या पाठीमागं, व्हरांड्यात, चार नंबरच्या खोलीतली आजी उभी होती. नव्वदीची. तिनं त्याच्या हातातला फोन घेतला, कानाला लावला.

"यांना कुणी बोलावलं?"

हनुमंतानं त्या मूर्तींचं सांगितलं. अक्षतांचं. पत्त्याचं.

"गेलेल्या लेकरांच्या नावानं बसवतात रे त्या," आजी म्हणाली. "प्रत्येकीमागं एक आई असते." मग हळू आवाजात, "त्यात एक पाय ओढत चालतंय का?"

त्यानं फोन परत घेऊन ऐकलं. थप... सर्र. थप... सर्र.

"हो."

आजी भिंतीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बोलावलंस ना? जेवू घाल. उपाशी लेकरू दारातून हलत नाही."

हनुमंतानं असा टाहो फोडला की केवळाबाई उठलीच. दिवा लावून पाळण्यात हात घातला, तर पोर तव्यासारखी तापलेली. डोळे उघडे. रडत नव्हती. हनुमंतानं मूर्तींचं आणि आजीचं बोलणं सांगितलं.

"किती जनांला बोलीवलंस?"

"अकरा."

"मुडद्या!"

एवढंच. ती रडत बसणाऱ्यातली नव्हे. बारशाच्या हळद घातलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या पातेल्यात उरल्या होत्या. तिनं अकरा द्रोण भरले, पाळण्याभोवती मांडले. डोक्यावर पदर घेतला.

"खावा, लेकरांनो. पोटभर खावा. आमची ही एकच हाय, हिला संगं नेऊ नगा. खाल्लं की आपापल्या आईकडं जावा."

आणि दिवा मालवला.

हनुमंत ऐकत होता. चावण्याचा आवाज... बारीक. मग पावलं. दाराकडं. थप... सर्र. ते सगळ्यात मागं.

मग काही नाही.

बाराला पाच कमी असताना आरती रडली. खच्चून. शिवांगीनं तिला छातीशी धरलं. अंग घामानं भिजलेलं, ताप उतरलेला. द्रोण अकराच्या अकरा रिकामे.

तिकडं उजाडलं. हनुमंत तोंड धुऊन रोजच्यासारखा कामाला लागला. चार नंबरची आजी गाढ झोपली होती, लहान पोरीसारखी, कुशीवर. एक मूठ घट्ट मिटलेली. अंघोळीला न्यायचं म्हणून त्यानं तिची बोटं एकेक करून हळूच उघडली.

तळव्यावर हळद पसरली होती. आणि हरभऱ्याच्या चार घुगऱ्या.