थांबायला शिकलेला ठोकळा

सव्वीस मुलं, सव्वीस आराखडे, आणि वाचनालय मात्र सगळ्यांचं एकसारखं! असं कसं झालं?

साल २०६१. परभणीचा एप्रिल, म्हणजे सांगायलाच नको. इमारती छापणारं यंत्र सोमवारी शाळेत येणार होतं. मुलांच्या आराखड्यांपैकी एक निवडून ते नवं वाचनालय बांधणार होतं. जुन्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पाच मिनिटं बसवत नसे, आणि पुस्तकांवाचून सुट्टी म्हणजे मैथिलीला शिक्षाच. तिला थंडगार वाचनालय हवं होतं. पण तिच्याही चित्रपाटीवर तोच चौकोनी डबा! तिला रडूच आलं.

तिची शैलाआत्या वास्तुविशारद (इमारतींची रचना ठरवणारी) होती. ती म्हणाली, "माझ्यासमोर काढ बघू."

मैथिलीने पाटीवर दोन रेघा ओढल्या. लगेच ठोकळा, म्हणजे सगळ्याच मुलांच्या पाट्यांत असलेला यंत्र-मदतनीस, ओरडला, "भिंत! ओळखली!" रेघा सरळ झाल्या, दार बसलं, खिडक्या लागल्या, वर रंगही चढला.

"छान दिसतंय," मैथिली म्हणाली.

"इथंच तर घोडं पेंड खातं!" आत्या म्हणाली. "छान दिसलं की वाटतं, झालं काम. मग मन पुढचं शोधतच नाही."

आत्याने तिला जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि मऊ पेन्सिल दिली. मैथिलीने पुस्तकांची फडताळं काढली. सगळी वाकडीतिकडी.

"शी! काय हे!"

"फिरवून बघ."

तिने कागद उलटा धरला आणि बघतच राहिली. "आत्या, या तर पायऱ्या! आपण त्या पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरलो होतो ना, किती गार वाटलं होतं! वाचनालयच जमिनीत उतरवलं तर? पायऱ्यांवर बसून वाचायचं!"

"शाब्बास! खाली उन्हाची धग फार हळू पोचते, म्हणून गारवा. आणि तुला हे सुचलं ते संदिग्धतेमुळे (एकाच रेघेतून अनेक अर्थ निघणं). कच्च्या रेघेचं अजून काहीही होऊ शकतं."

ठोकळा हळूच म्हणाला, "मी चुकलो का?"

"चुकला नाहीस रे," आत्या हसली. "घाई केलीस. आता तुझी पाळी."

ठोकळ्याने हिशेब मांडला. पावसाचं पाणी कुठे तुंबेल, माती कुठे ढासळेल, चाकाच्या खुर्चीसाठी उतार कुठून न्यावा, हे सगळं त्याने घटकाभरात दाखवलं. मैथिलीला ते महिनाभरातही जमलं नसतं.

सोमवारी यंत्र आलं, आणि त्याने आधी खड्डा खणला!

मे महिन्यात मैथिली सातव्या पायरीवर बसून वाचत होती. वाचता वाचता तिला शाळेच्या मैदानासाठी काहीतरी सुचू लागलं. तिने पाटीवर एक रेघ ओढली.

"भिं..." ठोकळा थबकला. "ही काय आहे?"

"मलाही अजून माहीत नाही."

"बरं," ठोकळा म्हणाला. "मग मी थांबतो."