तिसरी ताडपत्री

आमच्या दुकानाच्या दाराला एक बाहेर आलेला खिळा होता. आत्या तो ठोकू द्यायची नाही. राहू दे म्हणायची, गिऱ्हाईक आणतो तो. त्या दुपारी त्याने एक आणलं. पावसातून पळत आलेलं, नखशिखांत भिजलेलं, आणि उजवी बाही काखेपर्यंत उसवलेलं.

मी आणि आत्या बंदराजवळ जहाजांची शिडं शिवायचो. ताडपत्र्याही करायचो. जहाजाच्या पोटात माल भरला की वरचं तोंड डांबर चोपडलेल्या जाड कापडाने झाकतात, एकावर एक तीन थर. ती तिन्ही कापडं आमच्या हातची असायची.

त्या गिऱ्हाइकाकडे दुसरा कोट नव्हता, म्हणून अंगावरच शिवायला बसले. तो कोपऱ्यातल्या कापडांच्या ढिगावर टेकला. मी म्हटलं, "हलू नका. ही सुई शिडाची आहे, माणसाची नाही."

"माणसाची वेगळी असते?"

"माणूस शिवायची वेळ अजून आली नाही."

तो हसला आणि खरंच हलला नाही. श्वाससुद्धा बेतानेच घेत होता. दोरा तोडायला मी दात त्याच्या खांद्याजवळ नेले, तेव्हा ओल्या लोकरीच्या वासाबरोबर दुसराही एक वास आला... बुरसटलेल्या कॉफीचा. माझा हात थांबला.

मी विचारलं, काय काम करता. तो म्हणाला, सागरी न्यायालयाने नेमलेला तपासनीस आहे, खराब झालेल्या मालाची पाहणी करतो.

तो कोणता माल पाहून आला होता, हे मला विचारायची गरज नव्हती. आणि तो कशावर बसला होता, हे त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती.

माझे बाबा जहाजाचे कप्तान. आठ दिवसांपूर्वी ते कॉफीची पोती घेऊन बंदराला लागले, आणि अर्ध्याहून जास्त पोती बुरशीने पांढरी झालेली निघाली. व्यापारी न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, कप्तानाने ताडपत्र्या धड घातल्या नाहीत, वादळात समुद्राचं पाणी आत शिरलं. बाबांनी शपथेवर सांगितलं, तिन्ही ताडपत्र्या घातल्या होत्या आणि तिन्ही धड होत्या. ते खोटं ठरलं तर त्यांचा परवाना जाणार होता. जमिनीवर चार दिवस राहिले तरी आजारी पडणारा माणूस तो.

आता माझं पाप सांगते. जहाज सुटायच्या दिवशी तिसऱ्या ताडपत्रीची कड शिवून झाली नव्हती. भरती कुणासाठी थांबत नाही. मी एक जुनी ताडपत्री घेतली, तिला वरून ताजं डांबर फासलं आणि पाठवून दिली. बाबांनी विचारलं, पोरी, तिन्ही धड आहेत ना? मी हो म्हटलं. त्यांनी उलगडून पाहिली नाही. लेकीच्या कामाला हात लावून बघायचा म्हणजे तिचा अपमान, असं त्यांचं मत.

खरी तिसरी ताडपत्री, अर्ध्या कडेची, दुकानातच राहिली. कोपऱ्यात. तपासनिसाच्या बुडाखाली.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. बाही पुन्हा उसवली म्हणाला. मी शिवण बोटांत धरली. ओढून तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजारलेली असतात. ही टोकं सरळ होती, एका रेषेत. चाकूने कापलेली.

जो माणूस दुकानात शिरायला स्वतःचा कोट कापतो, तो साधा नव्हे. तो मात्र जागेवर टेकून गप्पा मारत होता. किती टाके घालता, दोऱ्याला मेण का लावता, शिकवलं कुणी. मी उत्तर दिलं की खिशातली वही काढून लिहायचा. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. मला ती वही म्हणजे दात न दाखवता चावणारं कुत्रं वाटायची.

आत्या त्याला हुंग्या म्हणायला लागली, कारण तो दोरा, मेण, डांबर सगळंच हुंगायचा. तिचं मत वेगळंच होतं. म्हणाली, "अगं, हा ताडपत्री बघायला येत नाही."

"मग कशाला येतो?"

"मला काय विचारतेस? त्याची नजर सुईवर असते की सुई धरणाऱ्या हातावर, ते तू बघ."

मी बघितलं. आणि बघितल्यावर जास्तच घाबरले. गोड बोलून, हाताकडे बघून, ज्याला कबुली काढून घ्यायची असते तोही असंच करतो. तरी तो यायच्या दिवशी मी केस नीट बांधायचे. त्याचाही मला राग यायचा.

पाचव्या वेळी मी विचारून टाकलं. "मालाची पाहणी झाली का?"

"झाली."

"मग सांगा ना, काय निघालं?"

त्याने वही मिटली. मग म्हणाला, निकालाआधी पाहणीतलं अक्षरही बाहेर काढायचं नाही अशी शपथ असते.

"आमच्याकडून सगळं घ्यायचं आणि स्वतः तोंडाला टाका घालायचा," मी म्हटलं. "बरा व्यवहार आहे."

"तुम्हीही काहीतरी शिवून टाकलं आहे," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून... मी बसलो की तुम्ही माझ्याकडे बघत नाही. माझ्या खाली बघता."

तो गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि त्या ढिगासमोर नुसती बसून राहिले.

सागरी न्यायालय म्हणजे जुन्या गोदामाच्या माडीवरची लांब खोली. खिडक्यांतून डोलकाठ्या दिसायच्या. बाबा पुढच्या बाकावर, टोपी मांडीवर. पलीकडे पुरावा म्हणून आणलेली पोती, त्यांच्यावर तपासनिसाच्या खडूच्या खुणा. आणि तो स्वतः वही घेऊन माझ्यासमोर. त्या दिवशी बाही शाबूत होती.

व्यापाऱ्याच्या वकिलाने मला उभं करून विचारलं, तिन्ही ताडपत्र्या तुमच्या हातच्या, आणि धड होत्या?

हो म्हणणं सोपं होतं. पण बाबा माझ्याकडे वळून बघत होते, डोळ्यांत जराही शंका नव्हती, आणि तेच मला सोसवेना. मी सांगितलं. दोन धड होत्या. तिसरी जुनी होती, मी वरून डांबर फासलं, कप्तानांना काही माहीत नव्हतं. खरी तिसरी दुकानात आहे.

बाबांनी मान खाली घातली. वकील आनंदाने बसला. मी मात्र बसले नाही. माझं सगळं उघडं पडलं होतं, तपासनिसाचं अजून मिटलेल्या वहीत होतं.

मी न्यायाधीशांना म्हटलं, "साहेब, हे गृहस्थ पाच वेळा आमच्याकडे आले. मी बोलले ते सगळं त्या वहीत आहे. मला वाचता येत नाही. त्यांना हवं तेवढंच पुढे येऊ नये. अख्खी वही सगळ्यांसमोर वाचायला सांगा."

तपासनिसाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तो म्हणाला, ती कच्ची टिपणं आहेत, पक्का अहवाल वेगळा दिला आहे. न्यायाधीश म्हणाले, वाचा.

तो वाचायला लागला. तोंडाखालची वरच्या थराची पोती कोरडी. बिया दाताखाली कडक, चव खारट नाही. खालच्या थरांत बुरशी, तीही पोत्याच्या आतून बाहेर आलेली. माल ओला असतानाच भरला होता. समुद्राचा संबंध नाही.

खोलीत कुजबुज झाली. तो थांबला. न्यायाधीश म्हणाले, "पुढे."

"दुकान. तिसरी ताडपत्री इथेच आहे. मी तिच्यावरच बसतो. मऊ आहे." कुणीतरी हसलं. "शिवणारी दोरा दाताने तोडते. पाहणी पूर्ण झाली, आता जायचं कारण उरलं नाही. कारण शोधावे." पुढचं तो पुटपुटला, तेव्हा न्यायाधीशांनी मोठ्याने वाचायला लावलं. "आज बाही स्वतः चाकूने कापली. चांगला कोट होता."

सगळी खोली हसली. आत्याचं हसू सगळ्यात वर. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

वकील तटकन उठला. म्हणाला, हा तपासनीस पोरीवर भाळला आहे, याची पाहणी धरू नये. न्यायाधीश म्हणाले, कॉफी तर कुणावर भाळलेली नाही ना? त्यांनी शिपायाकडून खुणा केलेली पोती तिथेच फाडून घेतली. स्वतः दोन बिया चावल्या, हुंगल्या, वकिलालाही चावायला दिल्या. खालच्या पोत्याची बी तोंडात घालून वकिलाने तोंड वाकडं केलं, पण खारट आहे असं त्यालाही म्हणता आलं नाही.

बाबांचा परवाना राहिला. माझ्या जुन्या ताडपत्रीनेही पाणी अडवलं होतं, बिचारीने.

जिन्यात बाबांनी मला गाठलं. रागावतील वाटलं. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेपासून ताडपत्र्या मी उलगडून बघणार." मग खाली उभ्या असलेल्या तपासनिसाकडे पाहिलं. "आणि जावईसुद्धा."

मी त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, रागावलात का? मी म्हटलं, वही द्या. त्याने निमूटपणे दिली.

ती मी कधी परत केली नाही. न्यायालयात शेवटच्या पानाशी तो क्षणभर अडखळला होता आणि ते न वाचताच त्याने वही मिटली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. संसारात कितीदा विचारलं, पण हसून विषय बदलायचा. शेवटी मुलं मोठी झाल्यावर त्याच्याकडूनच अक्षरं शिकले, कशासाठी ते न सांगता. मग एके दिवशी खिडकीत बसून एकेक अक्षर जोडत ते पान वाचलं. लपवाछपवी करणारी मी एकटीच नव्हते तर. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याने लिहिलं होतं,

"उद्या ती खोटं बोलली, तरी परवा मी बाही कापणार."