मौनीबुवा मागे उरला

तिसरी कोंबडी बदकांच्या टबात तरंगताना दिसली, तेव्हा आत्याने शाळेतून आलेल्या ठकीला दारातच अडवलं आणि स्वतः तडक पोलीस चौकी गाठली.

हवालदारबाई आल्या तेव्हा कोंबडी अजून फरशीवरच होती. पिसं अंगाला चिकटलेली, डोळे मिटलेले. बाईंनी वाकून मान चाचपली. मोडलेली नव्हती. दाताची खूण नाही, रक्ताचा थेंब नाही. डोक्यामागची पिसं तेवढी उपटलेली आणि पाठ घासून बोडकी झालेली.

“कुत्रं नाही,” त्या म्हणाल्या.

“कुत्रं कसलं. दोन पायांचंच जनावर आहे,” आत्या म्हणाली आणि मागच्या घराच्या माडीवरच्या खिडकीकडे बोट केलं.

मग तिने सगळं सांगितलं. ही बदकं आणि कोंबड्या तिच्या वहिनीच्या. एकच अंगण, एकच खुराडं. कोंबड्या वर दांडीवर बसायच्या, बदकं खाली भुशात. गेल्या हिवाळ्यात वहिनी गेली. मागे राहिला शिंपीकाम करणारा भाऊ, त्याची पोर ठकी आणि हे पाखरांचं बिऱ्हाड. मागच्या आठवड्यात चारातली तीन बदकं एका रात्रीत नाहीशी झाली. तेव्हापासून कोंबड्या एकेक करून टबात मरतायत.

माडीवर एक नर्स भाड्याने राहत होती. तान्हं मूल, नवरा नाही, रात्रपाळी. बदकांच्या ओरडण्यावरून तिची दोनदा भांडणं झालेली. आता तिच्या घरमालकिणीने बजावलं होतं, पोलिसांनी तुझं नाव घेतलं तर आजच्या आज खोली सोडायची. रात्री बाळाला ती घरमालकीणच सांभाळायची. खोली गेली की नोकरीही गेली.

हवालदारबाई माडीवर गेल्या. वळकटी बांधून तयार होती. नर्स बाळाला थोपटत होती.

“माना मुरगळीन म्हणालात?”

“म्हणाले.”

“कधी?”

“बाळ तापलं होतं. रात्रभर ड्युटी करून पहाटे आले, त्याला निजवलं, तेवढ्यात खाली सुरू. चौघंही एकदम बोंबलतात हो. तोंडाला येईल ते बोलले. बाळावरही ओरडते मी कधीकधी. म्हणून काय त्याची मान मुरगळते?”

हवालदारबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. खुराड्याचं छप्पर, जमिनीत पुरलेला पसरट टब, एकटं फिरणारं जाडजूड बदक. मग त्या जिना उतरल्या.

खाली ठकी खुराड्याला टेकून बसली होती. वय दहा-अकरा. आत्याच्या सांगण्यावरून तिने नर्सच्या बाळाकडे जाणं बंद केलं होतं, आणि ते तिला जड जात होतं. विचारल्यावर तिनेच ते सांगून टाकलं.

“हे एक बदक चोराने का सोडलं गं? हेच तर सगळ्यात जाड.”

“मौनीबुवा आहे तो. आईने नाव ठेवलं. नर ना, ओरडत नाही. घसा बसल्यासारखं नुसतं खरखर करतो. ओरडायच्या त्या तिघी. खुराडं उघडलं की धावत स्वयंपाकघराच्या दाराशी. आई कण्या टाकायची तिथे.”

“आणि आई गेल्यावर?”

“तरी तिथेच. रोज.”

परक्या माणसाच्या हाती लागायच्या का, असं विचारल्यावर ठकी हसली. आत्याच्याही हाती लागायच्या नाहीत. कोणी नवखं जवळ आलं तर अख्खी गल्ली उठवायच्या.

“मग त्या रात्री गल्ली उठली?”

ठकीचं हसू मावळलं. “नाही.”

“गुंगीचं औषध घातलं असेल,” आत्या मागून म्हणाली. “नर्स आहे ती. तिला काय कमी?”

हवालदारबाई स्वयंपाकघरात गेल्या. आत कोंदट उकाडा होता. अंगणाकडची खिडकी बंद, आणि तिच्या फटींमध्ये कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या. अस्तराच्या, इंच इंच नीट दाबून बसवलेल्या.

शिंपी पुढच्या खोलीत मशीनवर होता. त्याने अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

“मास्तर, खिडकीत चिंध्या कशाला?”

“धूळ येते.”

त्याच्या शेजारची रस्त्याकडची खिडकी सताड उघडी होती. मशीनच्या फळीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती.

हवालदारबाई अंगणात बादली पालथी घालून बसल्या. आत्याने दोनदा चहा विचारला, तपास कधी करणार तेही विचारलं. हाच तपास आहे, असं बाईंनी सांगितलं.

बऱ्याच वेळाने एक तांबडी कोंबडी पाणी प्यायला टबाच्या काठाशी गेली. मौनीबुवा मागून आला. अजिबात आवाज नाही. त्याने तिच्या डोक्यामागची पिसं चोचीत धरली आणि पाठीवर चढला. कोंबडी फडफडली, घसरली, पाण्यात पडली. तो वरच. तिची मान पाण्याखाली गेली.

बाई बुटांसकट टबात उतरल्या. कोंबडी बाहेर काढली तेव्हा ती धापा टाकत होती.

त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

“कोंबड्या कुणी मारल्या, ते मी आत्ता पाहिलं,” त्या म्हणाल्या. “त्याचाही दोष नाही. बदकांचं जुळणं पाण्यात होतं. नर मादीचं डोकं चोचीत धरतो. मादी तरंगते, कोंबडी बुडते. त्या तिघी होत्या तोवर तो कोंबड्यांकडे बघत नव्हता. एकटा पडला आणि हे सुरू झालं.”

“म्हणजे शेवटी चोरानेच मारल्या,” आत्या म्हणाली.

“हो. पण तो चोर मांसासाठी आला नव्हता. नाहीतर जाडा नर आधी उचलला असता. त्याला शांतता हवी होती. ओरडणाऱ्या तेवढ्या नेल्या, मुका ठेवला.”

“मग तीच की.”

“माडीवरून आवाज येतो, पण कुणाचा ते कळत नाही. ती अजूनही चौघंही बोंबलतात म्हणते. तिने नेली असती तर चारही नेली असती. नर ओरडत नाही, हे या घरातल्यांनाच ठाऊक. आणि ज्याच्या हाती त्या गपगुमान आल्या, तोही घरातलाच.” बाईंचा आवाज खाली आला. “मास्तर, धूळ रस्त्याकडून येते. अंगणातून आवाज येतो.”

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, सोडली.

तो बोलला ते तुटक होतं. त्या तिघी रोज उजाडताना दाराशी येऊन त्याच्या बायकोला हाका मारायच्या. ती येत नव्हती, तरी मारायच्या.

“मी उठून दार उघडायचो,” तो म्हणाला. “दारात मी दिसलो की त्या गप्प व्हायच्या. माझ्याकडे बघायच्या. मग माझ्या मागे बघायच्या.”

पिशवीत घालून त्याने त्यांना गावाबाहेरच्या तळ्यावर सोडलं होतं. पाण्याचे पक्षी, पाण्यात राहतील. दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून बघायला गेला, तर काठावर पिसं आणि कुत्र्यांच्या पायांचे ठसे.

“आणि माडीवरच्या बाईचं नाव आलं तेव्हा?”

“कोंबड्यांना मी हात लावला नव्हता. वाटलं, त्या खरंच तिनेच मारल्या असतील. तेवढंच धरून बसलो.”

आत्याने तोंडाला पदर लावला. ठकी बापाकडे बघत होती.

“मला पण ऐकू यायचं, बाबा,” ती म्हणाली. “मी अंथरुणात पडून ऐकायचे. मला ते हवं होतं.”

त्याने हात पुढे केला. ती मागे सरली. मग खुराड्यापाशी जाऊन भिजलेल्या कोंबडीला फ्रॉकने पुसू लागली.

मध्ये जाळी ठोका, तोवर नर वेगळा ठेवा, असं सांगून हवालदारबाईंनी बुटांतलं पाणी काढलं. तक्रार त्या फाडणार होत्या. “माडीवर मात्र तुम्हीच जायचं,” त्या शिंप्याला म्हणाल्या.

नर्सने दार उघडलं. खांद्यावर बाळ नुकतंच झोपलं होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं. शिंप्याला सगळं कुजबुजत सांगावं लागलं. तळं, पिसं, कोंबड्या, आपलं गप्प राहणं. एका वाक्यावर त्याचा आवाज फुटला तेव्हा तिने पुन्हा बोट ठेवलं.

घरमालकीण जिन्यात उभी राहून ऐकत होती. “चला, विषय मिटला,” ती म्हणाली. “राहा गं तू. मी काय, लोक बोलले म्हणून बोलले.”

नर्सने शिंप्याला एवढंच विचारलं, “ठकी जेवली का?”

त्याला ठाऊक नव्हतं.

“आधी तिला जेवायला घाला.”

तो खाली गेला. तिने वळकटीची दोरी सोडली, गणवेश घातला, केस बांधले. ड्युटीची वेळ होत आली होती. घरमालकिणीने नेहमीसारखे हात पुढे केले.

नर्स क्षणभर बाळाला छातीशी धरून उभी राहिली. दुसरं कुणी नव्हतं. मग तिने बाळ त्या हातांत दिलं, त्याच्या डोक्याखालचा आपला तळवा अलगद काढून घेतला, आणि मागे न बघता जिना उतरू लागली.