पळसाच्या पानांचा कमळाकर

"वत्सला, ऊठ गो पोरी... बाईजाआत्या खोळंबलीय," सासरे सावळाराम खालच्या आवाजात म्हणाले, तरी वत्सलेचे पाय उचलेनात! अंगणात पळसाच्या पानांचा एक माणूस निजवला होता, आणि तो म्हणे तिचा नवरा होता.

कमळाकर, अख्ख्या किन्हवलीतला एकमेव वैमानिक! गेल्या वर्षी ब्रह्मदेशाच्या जंगलावर टेहळणीला गेलेलं त्याचं विमान परतलंच नाही. तार आली, 'बेपत्ता'. लढाई संपली, बाकीचे घरोघर आले, पण त्या तारेपुढे एक अक्षर कुणी कळवलं नाही... धड रडताही येईना! सासूबाईंनी, ताराबाईंनी, मात्र अपराधी त्याच दिवशी ठरवला. त्यानं फौजेत जायला त्यांचा विरोधच होता. निघताना लेकाच्या हातावर दही घालायलाही आल्या नाहीत. ते घातलं वत्सलेनं. "तूच माज्या पोराला वाटंला लावलंस!" एवढं बोलून त्यांनी सुनेशी अबोला धरला तो धरलाच.

आणि आता नणंदेचं, सुंदराचं, लग्न अडलं होतं. मुरबाडच्या सोयऱ्यांचा निरोप आला, घरात सुतक आहे की नाही ते आधी ठरवा! भटजींनी सांगितलं, पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्या, सुतक पाळा, मोकळे व्हा. पण मग वत्सलेचं कुंकू? सावळारामांच्या तोंडून ते निघेना, तेव्हा तीच म्हणाली होती, "करा मामंजी. वन्संना माज्यापायी किती दिस बसवाल?"

म्हणायला सोपं होतं! आता विधवा बाईजाआत्या कुंकू पुसायला ओला पदर घेऊन पुढे आली आणि वत्सलेनं डोळे मिटले. तो कुठंतरी जिवंत असेल... आणि आपण आपल्या हातानं त्याला...

कपाळावर हात टेकला. तो आत्याचा नव्हता! समोर ताराबाई होत्या.

"तारे, तू सवाष्ण! तू नाय पुसायचं!" आत्या ओरडली.

"पोर माजा, मीच पुसनार!" ताराबाईंचा बांध फुटला. "तुजी चूक नाय गो वत्सला... मीच रुसून आत बसले. माज्या हातचं दही न खाता गेला माजा बाळ!"

त्यांनी रडत रडत कुंकू पुसलं, मंगळसूत्र उतरवलं आणि सुनेला छातीशी घट्ट धरलं. पुरुषांनी तिरडी उचलली, तशा त्या धावत आडव्या आल्या.

"भटजी, क्रिया झाली नि... तो आला तर?"

भटजी घुटमळले. "तर तो नव्यानं जन्मला असं धरतात, ताराबाई. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा. लग्नसुद्धा."

ताराबाई बाजूला सरल्या. मंगळसूत्र त्यांनी स्वतःच्या पदराच्या गाठीत करकचून बांधलं.

"मंग आयक पोरी," त्या सुनेच्या पुसलेल्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "बारशाला नाव मी कमळाकरच ठेवीन... नि सून तुलाच आनीन!"