गुरुवारच्या जेवणातला आकडा

फोन वाजला तेव्हा नॉर्मा गॅलोवे गार कॉफी पीत होती. गार आहे हे तिला तिसऱ्या घोटाला कळलं. कळूनही ती पीत राहिली. फेब्रुवारीतलं वॉशिंग्टन माणसाचं असंच करून टाकतं.

"आकडा फुटलाय," पलीकडून पीबॉडी म्हणाले. देशाचा बेरोजगारीचा दर काढणाऱ्या कचेरीचे ते प्रमुख. "फोडणारीही सापडलीय. विल्मा स्ट्राउड. या लगेच."

नॉर्मा दक्षता शाखेची होती. ती निघाली.

दर महिन्याला एका शुक्रवारी सकाळी हा दर जाहीर होई. आदल्या दिवशी तो मोजक्याच माणसांना ठाऊक असे. विल्मा त्यांतली एक. बाहेर अंदाजांच्या बाजारात हजारो लोक त्याच आकड्यावर पैसे लावून बसलेले असत. आकडा बरोबर आला तर पैसे, नाही तर शून्य. लोकांच्या नोकऱ्या गेल्या की कुणाची तरी दिवाळी.

पीबॉडींच्या खोलीत बाजाराचा माणूस बसला होता. रस्किन. कपाळावर घाम.

"नोव्हेंबरात अगदी शेवटच्या घटकेला कुणीतरी ढीगभर पैसा ओतला," तो म्हणाला. "नेमका जो आकडा आला त्यावरच. गळती सिद्ध झाली, तर नियमानं नोव्हेंबरचे सगळे सौदे रद्द. ज्याचे त्याला परत. आमचं वर्षच वाईट चाललंय, बाई. जूनमध्ये चार पॉइंट दोन आला, सगळ्यांचे अंदाज आडवे. शिव्या मात्र आम्हाला."

"विल्माचं नाव कुणी घेतलं?"

"तिच्या भाच्यानं. डॅरेल," पीबॉडी म्हणाले. "तिच्याच तळघरात राहतो. म्हणतो, दर महिन्याला मावशी गुरुवारी जेवताना आकडा सांगायची. शपथेवर सगळे आकडे सांगितले. आमच्या तक्त्याशी एकूण एक जुळले!"

"तक्ता तर तुमच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो."

"पण कुठल्या दिवशी जेवायला काय होतं, त्यासकट?"

नॉर्मानं मान हलवली. जेवणाच्या वर्णनाला भुलणारा साहेब तिनं आज पहिल्यांदा पाहिला नव्हता.

विल्मा बाजूच्या खोलीत कोट घालूनच बसली होती. तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं.

"सांगितलात आकडा?"

"नाही."

"भाचा गुरुवारी तुमच्याकडे जेवतो?"

"जेवतो. मी घासापुरतं तोंड उघडते."

"नोकरी गेली तर?"

"महिनाअखेर विमा बंद." मीटर वाचावा तशी ती बोलत होती. "क्लाइडचं डायलिसिस विम्यावर आहे. माझ्या नवऱ्याचं. आठवड्यातून तीनदा."

"थकलेल्या दिसता."

"जानेवारी उतरत नाही अंगावरून. दर जानेवारीत जुने दर पुन्हा काढायचे. थंडी, सुट्ट्या, नाताळची तात्पुरती भरती, यांची वजावट नव्यानं बसवायची. मग कुठला तरी जुना आकडा कणभर सरकतो. कुणाचं लक्षही जात नाही."

"भाच्याचा राग नाही आला?"

विल्मानं थोडा विचार केला. "यायला हवा ना?"

डॅरेल चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आला. गोदामातली नोकरी सप्टेंबरात गेलेली.

"काम शोधतोस?"

"शोधत होतो. आता थांबलोय जरा."

"म्हणजे मावशीच्या हिशोबात तू बेरोजगारही नाहीस. शोधणाऱ्यालाच मोजतात." तो हसला नाही. नॉर्माही हसली नाही. "या बाजाराकडे कधीपासून लक्ष आहे?"

"नोकरी गेल्यापासून. नुसतं बघतो."

"जूनमध्ये मावशी काय म्हणाली?"

"खिम्याचा मीटलोफ होता. थोडा करपलेला. म्हणाली, डॅरेल, उद्या चार पॉइंट एक."

"दोन नाही?"

"एक! शपथेवर सांगतो, मॅडम. दुसऱ्या दिवशी रेडिओवरही तोच ऐकला. या कानांनी."

"नक्की?"

"मीटलोफ विसरेन, आकडा नाही."

नॉर्मानं दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं. विल्मालाही.

"रस्किनसाहेब, जूनमध्ये रेडिओवर काय सांगितलं होतं?"

"चार पॉइंट दोन. जन्मात विसरणार नाही."

"पण तक्त्यात तर एक आहे," पीबॉडी म्हणाले.

"आजच्या तक्त्यात. गेल्या महिन्यात तुमच्याच माणसांनी जुने दर नव्यानं काढले, तेव्हा दोनाचा एक झाला. जूनमधल्या त्या गुरुवारी हा आकडा जगात कुठंच नव्हता. विल्माच्या टेबलावरही नाही. मग तो मीटलोफबरोबर वाढला कुणी?"

पीबॉडींनी चष्मा काढून पुसला. त्यांनीही आजचाच तक्ता लावून पाहिला होता.

"डॅरेल जूनमध्ये हे काहीच बघत नव्हता. त्याला मागचे आकडे हवे होते, ते त्यानं आत्ता तक्त्यातून पाठ केले. जेवणं मात्र खरी असतील. रस्किनसाहेब, नोव्हेंबरात हरलेल्यांत याचं नाव बघा बरं."

रस्किननं लॅपटॉपमध्ये शोधलं. वेळ लागला नाही.

"आहे. नऊ हजार डॉलर. सगळे बुडाले."

"नोकरी गेली तेव्हा मिळालेले?" नॉर्मानं विचारलं.

डॅरेलनं मान खाली घातली. "गळती ठरली असती तर परत मिळाले असते. मला वाटलं, मावशीला फार तर ताकीद देतील."

"आणि तो ढीगभर पैसा?" पीबॉडींनी विचारलं.

रस्किन खाकरला. "शिकागोची एक कंपनी आहे. स्वतः घरोघर विचारणा करून अंदाज बांधते. बऱ्याचदा बुडतेसुद्धा. हा भाचा पुढं आला, म्हणून आम्ही..."

"म्हणून तुम्ही त्यांना विचारलंच नाही."

खोटी शपथ घेतल्याबद्दल डॅरेलला खाली नेलं. जाताना तो "मावशी" एवढंच म्हणाला. विल्मानं त्याच्याकडे पाहिलं, बस थांब्यावर अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

पीबॉडींनी ओळखपत्र तिच्यापुढे सरकवलं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिनं फोन कानाला लावला होता.

"क्लाइड, उद्या सकाळी तयार राहा," ती म्हणाली. "हो. नेहमीच्याच वेळेला. जायचंय."